‘कुत्रेच तर होते!’

घरातले माणूस गेले, तर काय बोलावे, हे आपल्या समाजाला शेकडो वर्षांच्या सवयीने ठाऊक आहे. घरातला कुत्रा गेला, तर मात्र समाचाराला आलेला शेजारीही दाराशी दोन मिनिटे घुटमळतो आणि अखेरीस ‘कुत्रेच तर होते, दुसरे आणा’ असे म्हणून मोकळा होतो. यात दुष्टावा नसतो. दुःखाचे वजन नात्यावरून ठरते अशी आपली जुनी समजूत आहे, आणि नात्यांच्या त्या कोष्टकात कुत्र्यासाठी रकाना आखलेला नाही, इतकाच याचा अर्थ. सुतक किती दिवसांचे, पिठले-भात कोणी पाठवावा, कचेरीतून रजा किती मिळावी, हे सारे माणसांपुरते ठरलेले आहे. बारा-तेरा वर्षे उंबऱ्याशी बसलेल्या, मुलांच्या बरोबरीने वाढलेल्या आणि शेवटचे काही महिने घरच्यांच्या ओंजळीतून पाणी प्यालेल्या जिवासाठी त्यातले काहीही नाही.

अशा विषयावर वृत्तपत्राने जागा खर्च करावी काय, अशी शंका काही वाचकांना येईल. शंका रास्त आहे. कुणाच्या घरचा कुत्रा गेला ही त्या घरापुरती गोष्ट. तिचा सार्वजनिक जीवनाशी संबंध काय? संबंध असा की, हे वाक्य कुत्रा मेल्यावरच उच्चारले जाते असे नाही. ते त्याच्या आजारपणातही उच्चारले जाते, आणि तेव्हा ते नुसत्या अनास्थेचे न राहता परवान्याचे काम करते. मंडईच्या मागे, एस.टी. स्थानकाच्या आवारात, गावाबाहेरच्या पुलाखाली केस झडलेली, मागचे पाय ओढत चालणारी कुत्री आपण सारेच पाहतो. त्यांतील बहुतेक रस्त्यावरच जन्मलेली असतात, हे खरे. पण एखाद्याच्या मानेभोवती पट्ट्याचा वण दिसतो. हाक मारली, तर ते मान वर करून पाहते. ते कुणाचे तरी होते.

कुत्र्याविषयीची आपली परंपरा मोठी विसंगत आहे. दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्री बसतात आणि त्यांना चार वेद मानले जाते. खंडोबाच्या परिवारातही कुत्र्याला मानाचे स्थान आहे. महाभारताच्या तर दोन्ही टोकांना कुत्रे उभे आहे. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्राच्या ठिकाणी आलेल्या सारमेय नावाच्या पिलाला राजाचे भाऊ निष्कारण मारतात. त्याची आई सरमा, ही देवांची कुत्री, राजाला जाब विचारते. उत्तर न मिळाल्यावर शाप देते. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर हस्तिनापुरापासून मागे आलेल्या कुत्र्याला सोडून इंद्राच्या रथात चढण्यास नकार देतो. भक्ताचा त्याग हे त्याला ब्रह्महत्येच्या तोडीचे पाप वाटते. ही कथा आपण मुलांना हौसेने सांगतो. परंतु त्याच वेळी आपल्या भाषेत सर्वांत हीन मरणाला ‘कुत्र्याची मौत’ असे नाव आहे. ही मौत म्हणजे नक्की काय, याचा विचार आपण फारसा करीत नाही. उघड्यावर, एकट्याने, कुणाचे लक्ष नसताना येणारे मरण, असाच तिचा अर्थ आहे. तसे मरण निसर्गाने कुत्र्याला नेमून दिलेले नाही. ते आपल्या हातून त्याच्या वाट्याला येते. आणि युधिष्ठिराच्या गोष्टीतही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच्यामागून हिमालय चढणारा तो कुत्रा धडधाकट होता. तो वाटेत लंगडू लागला असता, रक्ताची ओकारी करू लागला असता, तर कसोटी अधिक अवघड झाली असती. सामान्य संसारी माणसापुढे येते ती ही अवघड कसोटी.

प्रस्तुत लेखकाच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा होता. जातीने गावठी, पावसात भिजत जिन्याखाली सापडलेले पिलू. बारा वर्षे त्याने घराला विशेष त्रास दिला नाही. मग एका पावसाळ्यात तो वाजवीपेक्षा अधिक पाणी पिऊ लागला. भाकरी हुंगून बाजूला होई. तोंडाला एक वेगळाच वास येऊ लागला. रक्त तपासल्यावर कळले, की मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत. या दुखण्याचे एक दुर्दैव असे की, मूत्रपिंडांच्या कार्यशक्तीचा सुमारे तीनचतुर्थांश भाग गेल्याखेरीज रक्तातील क्रिएटिनिन सहसा ठळकपणे वाढत नाही. दुखणे ध्यानात येते, तेव्हा ते बरेच पुढे गेलेले असते. त्यातच, दुखणे लपविणे हा कुत्र्याचा स्वभावधर्म. माणसाला अशा वेळी डायलिसिस असते, मूत्रपिंडाचे रोपण असते. कुत्र्यासाठी डायलिसिसची सोय देशात अगदी मोजक्या ठिकाणी आहे. आमच्यासारख्यांच्या वाट्याला येते ते पथ्याचे खाणे, मळमळीच्या गोळ्या आणि कातडीखाली दिलेले सलाईन.

ते सलाईन घरीच देता येते, असे डॉक्टरांनी दाखवून दिले. कॅलेंडर ज्या खिळ्याला टांगलेले होते, तेथे एक दिवसाआड सलाईनची बाटली लागू लागली. पत्नी त्याचे डोके मांडीवर धरी, मी सुई सांभाळी. खांद्यापाशी पाण्याचा उंचवटा येई आणि संध्याकाळपर्यंत जिरून जाई. सुई का टोचतात, हे त्याला सांगण्याचा कोणताही मार्ग नव्हता. आजारी माणसाला आपण उद्याची आशा दाखवू शकतो. कुत्र्यापाशी ‘उद्या’ हा शब्दच नाही, त्याला आजची सुई तेवढी कळते. तरीही बाटली खिळ्याला लागली की तो आपण होऊन येऊन बसे. हा विश्वास आनंद देणारा खचितच नव्हता. तो उरावर ओझे ठेवणारा होता.

चार महिने असे गेले. त्यांतले पहिले तीन बरे म्हणावेत असे होते. उन्हात पडून राहणे, धाकटीच्या रिक्षाचा आवाज ओळखून शेपटी हलविणे, मऊ भाताचे पाच-सहा घास, असा त्याचा दिवस असे. चौथ्या महिन्यात दाराच्या दोन पायऱ्याही त्याला उतरवेनात. घरात लघवी झाली की तो नजर चुकवी. शेवटच्या आठवड्यात उलट्या थांबेनात, पाणीही पोटात ठरेना. डॉक्टर म्हणाले, औषध थांबवून वाट पाहिली, तर आणखी चार-सहा दिवस जातील, आणि ते चांगले जाणार नाहीत. दुसरा मार्ग त्यांनी न बोलता आमच्यावर सोडला.

ही गोष्ट आळीत कळल्यावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मनापासून सल्ला दिला. ‘मारण्याचे पाप कशाला घेता? नदीकाठी सोडून या. जे व्हायचे ते होईल.’ हे गृहस्थ क्रूर नाहीत. मुंग्यांना साखर घालणारे, उन्हाळ्यात गच्चीवर पाखरांसाठी पाणी ठेवणारे आहेत. त्यांच्या सल्ल्यामागे आपल्या समाजाची एक पक्की नीती उभी आहे: हाताने मारणे पाप, डोळ्यांआड मरू देणे पाप नव्हे. या नीतीची चिकित्सा झाली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. कारण आजारी जनावरांचे सर्वाधिक हाल दुष्टांच्या हातून होत नसून या नीतीमुळे होतात.

अशी चिकित्सा यापूर्वी झालेली नाही, असेही नाही. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू पंगू होऊन पडले. यातना इतक्या, की त्याला कूसही बदलता येईना. उपचार करणाऱ्याने आशा सोडली होती. गांधीजींनी आश्रमातील सहकाऱ्यांशी चर्चा केली. जीव देता येत नाही, त्याने तो घेऊ नये, असा आक्षेप तेव्हाही एकाने घेतला. गांधीजींनी तो ऐकून घेतला, आणि डॉक्टरांना बोलावून आपल्या समक्ष त्या वासराला विषाचे इंजेक्शन देवविले. दोन मिनिटांच्या आत सारे संपले. त्यानंतर अहिंसेच्या पुरस्कर्त्यावर संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. गांधीजींनी माघार घेतली नाही. ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’मधून त्यांनी आपली भूमिका सविस्तर मांडली. तिचा गाभा थोडक्यात असा: शस्त्रक्रिया करणारा वैद्य वेदना देतो, म्हणून तो हिंसा करीत नाही, त्याचप्रमाणे जेथे दुसरा कोणताही उपाय उरलेला नाही आणि कृतीमागे स्वतःच्या सोयीचा लवलेशही नाही, तेथे यातना संपविणे ही हिंसा नव्हे.

यातील ‘स्वतःची सोय’ हा शब्द कळीचा आहे. कुत्रा म्हातारा झाला, घरभर घाण करतो, फ्लॅट बदलायचा आहे, गावाला जायचे आहे, म्हणून त्याला इंजेक्शन द्या, असे सांगत दवाखान्यात येणारे लोक असतात. चांगले डॉक्टर त्यांना परत पाठवितात. हा गांधीजींच्या कसोटीचा एक अर्थ झाला. दुसरा अर्थ आपण सोयीस्करपणे विसरतो. ‘माझ्याच्याने बघवत नाही, म्हणून सोडून येतो’ ही देखील स्वतःची सोयच आहे. आणि ‘माझ्याच्याने निर्णय होत नाही, म्हणून तळमळत राहू द्या’ हीसुद्धा. आपले हात स्वच्छ राहावेत, या इच्छेची किंमत येथे मुक्या जनावराने मोजायची असते.

आम्ही डॉक्टरांना घरी बोलावले. पहिल्या सुईने मोत्या झोपला, दुसरीनंतर काही क्षणांत त्याचा श्वास थांबला. भूल देण्याचेच औषध, पण अधिक मात्रेत, एवढेच ते असते. त्याला मरण जाणवले असेल, असे मला वाटत नाही. याहून अधिक त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

कायदा या बाबतीत लोकनीतीच्या पुढे आहे, ही अनेकांना ठाऊक नसलेली गोष्ट. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्याच्या अकराव्या कलमात क्रूरतेचे प्रकार सांगितले आहेत. मारहाण, उपासमार, जास्त ओझे यांबरोबरच आपल्या मालकीचे रोगी किंवा पंगू जनावर सबळ कारणाशिवाय रस्त्यावर मरू देणे हाही त्यांतला एक प्रकार आहे. म्हणजे नदीकाठी सोडून येण्याचा तो प्रेमळ सल्ला गुन्ह्याचा सल्ला होता. उलट, असाध्य आजाराने ग्रासलेल्या वा मरणप्राय जखमी झालेल्या भटक्या कुत्र्यांनाही पशुवैद्यकाच्या निदानानंतर वेदनारहित मरण द्यावे, अशी तरतूद २००१ च्या नियमांत होती आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांतही आहे. एका कुत्र्याला असे मरण देताना दुसरे कुत्रे समोर असू नये, एवढी बारीक काळजी २००१ च्या नियमांत घेतली होती. आता दंडाचा आकडा पाहावा. १९६० च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यासाठी ठेवलेला दंड कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये आहे. साठ वर्षे उलटून गेल्यावरही तोच आकडा! एवढ्या पैशांत आज कुत्र्याच्या गळ्यातला पट्टाही येत नाही.

जेथे माणसांनाच औषध मिळत नाही, तेथे कुत्र्यांच्या आजाराचे कौतुक कशाला, असा प्रश्न यावर येणार. तो टाळण्यात अर्थ नाही. शहरात कुत्र्यांचे वाढदिवस साजरे होतात, त्यांच्यासाठी केक कापले जातात, जातिवंत पिलांचे भाव घरातील मोलकरणीच्या काही महिन्यांच्या पगाराहून अधिक असतात. हा देखावा किळसवाणा आहे, यात शंका नाही. पण दया म्हणजे शिधावाटप दुकानातील साखर नव्हे, की एकाला दिली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची कमी व्हावी. घरात जनावराची शुश्रूषा पाहिलेली मुले म्हाताऱ्या आजीच्या अंथरुणापासून अधिक लांब पळतात, असे कुणी दाखवून दिलेले नाही. शिवाय कुत्रा पाळणे हे दान नाही. तो आपणहून पत्करलेला करार आहे. त्याला रानातून, रस्त्यावरून किंवा दुकानातून घरी आणले, तेव्हाच त्याचे स्वतःचे पोट भरण्याचे आणि कळपात राहण्याचे सामर्थ्य आपण काढून घेतले. त्यामुळे त्याचा शेवटही आपल्याकडेच येतो.

हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे, की सर्व उपचार करणे हे कुणाचेही कर्तव्य नाही. महिन्याच्या पगारात घरभाडे, शिकवणी आणि आईची रक्तदाबाची औषधे भागविणाऱ्या कारकुनाने कुत्र्यासाठी कर्ज काढावे, अशी अपेक्षा करणे निव्वळ ढोंग होईल. खर्चिक उपचार परवडले नाहीत, म्हणून शरमेने मान खाली घालण्याचे कारण नाही. वेदनाशामक औषध, स्वच्छ अंथरूण, वाडग्यात पाणी आणि शेवटच्या वेळी जवळ असणे, हे बहुतेकांना परवडते. खरी अडचण वेगळी आहे. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे. महालक्ष्मीला टाटा न्यासाचे लहान प्राण्यांचे अद्ययावत रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. तालुक्याच्या ठिकाणचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना मात्र मुख्यतः गाई, म्हशी व शेळ्या यांच्यासाठी आहे, आणि शेतीप्रधान राज्यात ते योग्यही आहे. पण निदान असाध्य कुत्र्याला वेदनारहित मरण देण्याची सोय आणि तेथे नेण्याची लाज न वाटावी असे वातावरण, एवढे त्या दवाखान्याकडून मागणे अवाजवी ठरू नये.

पुष्कळ मरणे तर मुळात टाळण्याजोगी असतात. मूत्रपिंडाचा म्हातारपणचा विकार टळत नाही, डिस्टेंपर टळतो. गोवराच्या विषाणूच्याच कुळातल्या या रोगात आधी ताप, डोळ्या-नाकातून स्राव, मग उलट्या व जुलाब होतात. पिलू त्यातून उठले असे वाटत असतानाच काही आठवड्यांनी जबडा थरथरू लागतो, पायाचे स्नायू सतत झटके देतात, फिट्स येतात. ज्याने हे पाहिले, तो ते विसरत नाही. देवीच्या लशीचे जनक एडवर्ड जेन्नर यांनी १८०९ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. तो विषाणूपासून होतो, हे १९०५ मध्ये फ्रान्सच्या हेन्री कारे यांनी दाखविले. १९२० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये लेडलॉ आणि डंकिन यांनी लस तयार केली, आणि त्या संशोधनासाठी एका नियतकालिकाच्या वाचकांनी वर्गणी जमविली होती. रोगावर थेट औषध आजही नाही. लस मात्र शंभर वर्षांपासून आहे. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या पार्व्होचीही तीच गोष्ट. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिलू चार महिन्यांचे होईपर्यंत एकत्रित लशीच्या मात्रा आणि पुढे वेळच्या वेळी बळकटीची मात्रा, एवढाच हा खटाटोप आहे. मुलांच्या हट्टापायी पिलू आणणारे पालक पहिल्या मात्रेनंतर दवाखान्याची पायरी चढत नाहीत, ही पशुवैद्यकांची नेहमीची तक्रार आहे.

रेबीजविषयी एक वेगळे वाक्य लिहिले पाहिजे, कारण येथे मायेचा अतिरेक जिवावर बेततो. कवी बायरनचा आवडता कुत्रा १८०८ मध्ये याच रोगाने गेला. बायरन त्याच्या तोंडावरील लाळ उघड्या हातांनी पुशीत होता, असे त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. ते वाचताना आज अंगावर काटा येतो. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून कुत्रा वाचत नाही आणि माणूसही जवळपास कधीच वाचत नाही. अशा कुत्र्याची शुश्रूषा घरी करायची नसते. त्याला दुरून बंदिस्त करून डॉक्टरांना बोलवायचे असते. चावा किंवा लाळ लागलेली जखम पंधरा मिनिटे साबणाने धुऊन त्याच दिवशी इंजेक्शनाला जायचे असते. आणि यावरही वर्षाला एकदा द्यायची लस आहेच.

उरला प्रश्न दुःखाचा. चाळी जाऊन इमारती आल्या, अंगणे गेली. मोठ्या शहरात मेलेले कुत्रे पुरावे कुठे, हाच प्रश्न पडतो. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली, हे योग्य झाले. अन्य शहरांनीही तसे करावे. कचऱ्याच्या गाडीत आपला कुत्रा जाताना पाहिलेले मूल पुढे कित्येक दिवस त्याविषयी बोलत नाही. त्याला शाळेत उशीर झाला किंवा गृहपाठ राहिला, तर शिक्षकांनी वर्गासमोर कारण न विचारता बाजूला घेऊन विचारावे. मोठ्यांची अडचण आणखी वेगळी. रजेच्या अर्जात कारण काय लिहावे, हेच कळत नाही. बहुतेक जण ‘घरगुती अडचण’ लिहून सुटतात. वॉल्टर स्कॉटचा कॅम्प नावाचा कुत्रा १८०९ मध्ये एडिंबरोत वारला. स्कॉटने त्याला घरामागच्या बागेत पुरले, आणि त्या रात्री ज्या घरी जेवायचे आमंत्रण होते, तेथे निरोप धाडला, की एका जुन्या प्रिय मित्राच्या निधनामुळे येता येत नाही. त्याने कारण लपविले नाही, की त्याची कुणी चेष्टा केल्याचेही नमूद नाही. आपल्याकडच्या एखाद्या साहेबाने कारण न विचारता एक दिवसाची किरकोळ रजा मंजूर केली, तर उत्तमच; आणि त्याने विचारलेच, तर जे घडले ते सांगावे.